शाल-श्रीफळाने भागणार नाही

डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन हे महाविद्यालयाचे प्राध्यापक होते. मद्रास, म्हैसूर, कलकत्ता आणि ऑक्सफर्ड येथे त्यांनी तत्त्वज्ञान शिकविले. १९२१ साली म्हैसूर सोडून ते कलकत्त्यास निघाले, तेव्हा विद्यार्थ्यांनी त्यांची गाडी स्वतः ओढत स्टेशनापर्यंत नेली, ही हकीकत सर्वश्रुत आहे. १९६२ पासून त्यांचा जन्मदिवस शिक्षकदिन म्हणून पाळला जातो. परंतु ज्या राष्ट्रीय पुरस्काराने या दिवशी शिक्षकांचा गौरव होतो, तो १९५८ साली सुरू झाला तेव्हा शालेय शिक्षकांपुरताच होता. महाविद्यालयांतील अध्यापकांस त्याच्या पंक्तीत पान मांडले जाण्यास २०२३ साल उजाडावे लागले. त्या वर्षी ज्या ७५ शिक्षकांचा सन्मान झाला, त्यांत उच्च शिक्षणातील १३ होते. एका प्राध्यापकाच्या जन्मदिवशी साठ वर्षांहून अधिक काळ सत्कार होत राहिले आणि प्राध्यापक मात्र मांडवाबाहेर उभा राहिला!

शालेय शिक्षकांना मिळालेल्या मानाबद्दल आमची तक्रार असण्याचे कारण नाही. आम्हीही काही वर्षे खडू हाती धरलेला आहे आणि त्या मानाची किंमत आम्ही जाणतो. आमचे म्हणणे वेगळे आहे. उच्च शिक्षणात उत्तम शिकविणे ही स्वतंत्र, दुर्मिळ आणि गौरवास पात्र अशी गोष्ट आहे, हेच मुळात आपल्या व्यवस्थेने मान्य केलेले नाही. शाळेत शिकवू इच्छिणाऱ्याने अध्यापनाची पदविका वा पदवी घेतली पाहिजे, असा दंडक आहे. महाविद्यालयात शिकवू इच्छिणाऱ्यास त्याच्या विषयाची पदवी आणि पात्रता परीक्षा पुरते. ज्याला विषय येतो त्याला तो शिकविताही येतो, असे येथे गृहीत धरले जाते. हे गृहीतक किती फोल आहे, हे महाविद्यालयाच्या बाकावर दोन वर्षे बसलेला कोणताही विद्यार्थी सांगू शकेल. तथापि त्या विद्यार्थ्याला कोणी विचारीत नाही.

हा प्रश्न दिल्लीचा किंवा पुण्यामुंबईचा आहे असे ज्यांस वाटत असेल, त्यांनी सकाळच्या वेळी पहूरच्या बसस्थानकावर जाऊन उभे राहावे. जळगावहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, वाघूरच्या काठचे हे गाव. पाचोरा-जामनेर ही छोटी गाडी २०२० पर्यंत येथे थांबत असे. आता विद्यार्थ्यांचा सारा भार एस. टी. वर. कापसाच्या शेतीवर घर चालणाऱ्या कुटुंबांतील मुले-मुली येथून जामनेरला, शेंदुर्णीला, पाचोऱ्याला, जळगावला महाविद्यालयात जातात. त्यांतील कित्येकजण आपल्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारे पहिलेच. त्यांच्या घरी पुस्तकांचे कपाट नाही, विषय समजावून सांगणारा काका-मामा नाही आणि खाजगी शिकवणीची फी भरण्याची ऐपत नाही. शहरातील सुखवस्तू मुलाला प्राध्यापक बरा मिळाला नाही, तर तो दुसरी वाट शोधतो. पहूरच्या मुलीला दुसरी वाट नाही. तासभराचा प्रवास करून ती ज्या वर्गात येऊन बसते, त्या वर्गातील पाऊण तास हेच तिचे सर्व उच्च शिक्षण. तो पाऊण तास जर प्राध्यापकाने पिवळ्या पडलेल्या टिपणवह्या वाचून दाखविण्यात घालविला, तर त्या मुलीचे शिक्षण त्या दिवसापुरते बुडाले, आणि तिच्या बापाने बसच्या पासासाठी दिलेले पैसेही.

उलटपक्षी, त्याच पाऊण तासात काय घडू शकते, हे खानदेशाला नव्याने सांगावयास नको. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी ते त्या गावी आले आणि मुलांत रमले. वसतिगृहातील मुलांसाठी ते 'छात्रालय दैनिक' स्वतःच्या हाताने लिहून काढीत. शिक्षकाच्या कामाचा तक्ता भरावयाचा झाल्यास हे हस्तलिखित दैनिक कोणत्या रकान्यात बसते? ते कोणत्याही मान्यताप्राप्त नियतकालिकात छापलेले नव्हते, त्यास कोणी तज्ज्ञाने तपासलेले नव्हते आणि त्याचे वाचक म्हणजे वसतिगृहातील मुले. गुरुजींनी शाळेत काढलेली वर्षे अवघी सहा. पण जवळजवळ शंभर वर्षांनंतरही अमळनेरचे नाव काढले की लोकांस प्रथम तेच आठवतात. गुरुजींचे उदाहरण शाळेतील आहे हे खरे. परंतु विद्यार्थ्याच्या मनात विषयाची गोडी उत्पन्न करण्याची जी किमया शाळेत लागते, तीच महाविद्यालयातही लागते. उलट पोरगे सतरा-अठरा वर्षांचे होऊन, निम्मे निराश होऊन आलेले असते, म्हणून ती अधिकच लागते.

आता या किमयेचे मोल आपली व्यवस्था कसे करते ते पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली अध्यापकांच्या कामगिरीस गुण देण्याची पद्धत आणली. ती वादग्रस्त ठरली आणि २०१८ साली आयोगाने नवे नियम केले. त्या नियमांनुसार अध्यापनाची प्रतवारी अशी ठरते: नेमून दिलेल्या तासांपैकी शेकडा ८० वा अधिक तास घेतले तर अध्यापन 'चांगले', ७० ते ८० च्या दरम्यान घेतले तर 'समाधानकारक', ७० पेक्षा कमी तर 'असमाधानकारक'. वाचकांनी हे पुन्हा एकदा वाचावे. तास किती घेतले, एवढेच येथे विचारले आहे. तासात काय केले, हे विचारलेले नाही. वर्गात प्राण ओतणारा प्राध्यापक आणि फळ्याकडे तोंड करून पुटपुटणारा प्राध्यापक, दोघांनीही शंभरातले ऐंशी तास घेतले असतील तर दोघेही सारखेच 'चांगले'. या हिशेबाने घड्याळ हेच सर्वांत उत्तम शिक्षक ठरावयास हवे!

याच नियमांत संशोधनाचा हिशेब मात्र सोनाराच्या काट्याने केलेला आहे. भाषा व सामाजिक शास्त्रे यांतील एका शोधनिबंधास १० गुण, विज्ञानातील निबंधास ८ गुण, ग्रंथास इतके, संपादनास तितके. नव्या अध्यापनपद्धतीसाठी व अभ्यासक्रमाच्या रचनेसाठी काही गुण ठेवले आहेत, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु तेही कागदावर दाखविता येईल अशा वस्तूलाच. मागल्या बाकावरची मुलगी वर्षअखेरीस पुढल्या बाकावर येऊन प्रश्न विचारू लागली, ही वस्तू कागदावर दाखविता येत नाही. यास्तव तिला गुण नाहीत. आणि ज्याला गुण नाहीत त्याला बढतीत स्थान नाही.

माणूस शेवटी माणूस आहे. त्याच्या पगाराचा आणि पदाचा दोर ज्या खुंटीला बांधला असेल तिच्याभोवतीच तो फिरणार. निबंधांना गुण मिळतात असे ठरताच निबंधांचे पीक आले. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके गल्लोगल्ली निघाली. २०१८ च्या मे महिन्यात आयोगाला स्वतःच्याच मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके काढून टाकावी लागली, यावरून त्या पिकात तण किती होते याची कल्पना येईल. जे तास विद्यार्थ्यांच्या वह्या पाहण्यात, त्यांच्या शंका सोडविण्यात, उद्याच्या व्याख्यानाच्या तयारीत जावयाचे, ते कोणीही न वाचणाऱ्या निबंधांच्या मजुरीत गेले. खऱ्या संशोधनाचा आम्हांस आदरच आहे. चांगला संशोधक पुष्कळदा चांगला शिक्षक असतो. त्याच्या बोलण्यात नव्या ज्ञानाचा ताजेपणा येतो. परंतु संशोधनाची सक्ती म्हणजे संशोधन नव्हे, आणि तालुक्याच्या ठिकाणी, जेथे धड प्रयोगशाळा नाही आणि ग्रंथालयात नवी नियतकालिके येत नाहीत, तेथे निबंधांची मोजदाद करून अध्यापनाकडे डोळेझाक करणे म्हणजे आडात नाही ते पोहऱ्यात मागण्यासारखे आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने उत्तम अध्यापकांचा योग्य गौरव व्हावा, त्यांस बढती व नेतृत्वाची संधी मिळावी, असे म्हटले आहे. जानेवारी २०२५ मध्ये आयोगाने प्रसिद्ध केलेल्या मसुद्यात गुणांचा हिशेब सोडून, नऊ प्रकारच्या उल्लेखनीय कार्यांपैकी किमान चार अध्यापकाने दाखवावीत अशी सूचना होती. त्या नवांमध्ये अध्यापनातील नावीन्यपूर्ण कार्य हे एक. हेतू चांगला. परंतु नवांतील कोणतीही चार निवडावयाची म्हटल्यावर अध्यापनाचे एक वगळूनही माणूस वर चढू शकतो. ज्या पदाचे नावच अध्यापक, त्या पदावर चढताना अध्यापन हा ऐच्छिक विषय असावा, यापरती विसंगती कोणती?

याहूनही गंभीर गोष्ट पुढेच आहे. आमच्या भागातील महाविद्यालयांत वर्गावर जाणाऱ्या अध्यापकांपैकी अनेकजण तासिका तत्त्वावर नेमलेले आहेत. घेतलेल्या तासापुरते मानधन, सुट्टीत काही नाही, पुढील वर्षी बोलावणे येईल की नाही याची शाश्वती नाही. भालचंद्र नेमाडे हे याच जिल्ह्यातील सांगवीचे. १९७५ च्या 'बिढार'पासून १९७९ च्या 'झूल'पर्यंतच्या त्यांच्या कादंबऱ्यांतील चांगदेव पाटील हा प्राध्यापक एका गावचे महाविद्यालय सोडून दुसऱ्या गावी बिऱ्हाड हलवीत राहतो. त्या काळी ती एका अस्वस्थ तरुणाची कहाणी होती. आज दोन-तीन महाविद्यालयांत एकाच दिवशी तास घेऊन पोट भरणाऱ्या तासिका-अध्यापकाची ती रोजची वहिवाट झाली आहे. यांच्यामध्ये फार चांगले शिकविणारे आहेत. परंतु राष्ट्रीय पुरस्काराच्या नियमांत अध्यापक नियमित नेमणुकीचा असावा आणि त्याने किमान पाच वर्षे पूर्णवेळ शिकविलेले असावे, अशी अट घालण्यात आली. म्हणजे ज्याला पोटापुरता पगार नाही, त्याला शाल-श्रीफळसुद्धा नाही. पहूरच्या मुलीला मात्र आपल्याला शिकविणारा नियमित आहे की तासिकेवरचा, याच्याशी कर्तव्य नसते. तिला तो शिकवितो की नाही, एवढेच कळते.

परदेशांत या प्रश्नाचा विचार झालेला आहे आणि त्यातून घेण्यासारखे व टाळण्यासारखे असे दोन्ही धडे आहेत. इंग्लंडमध्ये २००० साली उत्तम विद्यापीठीय अध्यापकांसाठी राष्ट्रीय अध्यापन-अधिछात्रवृत्ती सुरू झाली. विद्यापीठातील मनुष्य केवळ शिकविण्याबद्दल राष्ट्रीय सन्मानास पात्र ठरू शकतो, हे तिने प्रस्थापित केले. पुढे २०१७ साली तेथील सरकारने विद्यापीठांनाच अध्यापनाबद्दल सुवर्ण, रौप्य व कांस्य अशा श्रेणी दिल्या. त्या देताना विद्यार्थ्यांचे समाधान, मध्येच शिक्षण सोडणाऱ्यांचे प्रमाण आणि पदवीनंतरची नोकरी यांचे आकडे पाहिले गेले. परंतु कोणत्याही परीक्षकाने वर्गात बसून एखादे व्याख्यान ऐकले नाही. गाणे न ऐकता गवयाची परीक्षा करण्याचाच हा प्रकार, अशी टीका झाली ती अकारण नव्हे. धडा असा की, अध्यापनाचा गौरव अवश्य करावा; मात्र तो दुरून, आकड्यांच्या दुर्बिणीतून करू नये.

आमच्या या म्हणण्यावर तीन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, शिकविणे हे कर्तव्यच आहे, त्याला बक्षीस कशाला? कर्तव्य तर सैनिकाचेही असते. म्हणून आपण शौर्यपदके बंद करीत नाही. शिवाय बढतीच्या वेळी कर्तव्य विचारातच घ्यावयाचे नाही आणि बक्षिसाचा विषय निघाला की कर्तव्याची आठवण करून द्यावयाची, हा न्याय नव्हे. दुसरा आक्षेप असा की, विद्यार्थ्यांस विचारले तर विनोद सांगणारा आणि सढळ हाताने गुण देणारा प्राध्यापक पहिला येईल. यात तथ्य आहे. परंतु शिकत असताना जो विद्यार्थी भुलतो तो पाच वर्षांनंतर भुललेला राहत नाही. नोकरीत, शेतीत, संसारात पडल्यावर कोणाचे शिकविणे कामास आले हे त्याला नेमके कळलेले असते. तिसरा आक्षेप गटबाजीचा. वर्गात बसून परीक्षण करावयाचे म्हटले की संस्थाचालकांच्या मर्जीतील माणसांचे फावेल, ही भीती खरी आहे. त्यावर उपाय परीक्षणच न करणे हा नसून परीक्षक बाहेरचे नेमणे हा आहे.

म्हणून आम्ही जळगाव येथील आमच्या विद्यापीठापुढे काही सूचना ठेवू इच्छितो. या विद्यापीठाची स्थापना १५ ऑगस्ट १९९० रोजी झाली, ती जळगाव, धुळे व नंदुरबार या भागांतील मुलांना पुण्याकडे डोळे लावून बसावे लागू नये म्हणून. तेव्हा ज्या कामात पुण्यामुंबईने पुढाकार घेतलेला नाही, त्यात आपण घेण्यास हरकत नसावी.

पहिली सूचना अशी की, ज्या अध्यापकाचे नाव गौरवासाठी वा बढतीसाठी विचारात असेल, त्याच्या वर्गात त्याच विषयाच्या, पण दुसऱ्या महाविद्यालयातील दोन अनुभवी अध्यापकांनी वर्षातून तीनदा, आगाऊ वर्दी न देता बसावे आणि आपले मत लिहून द्यावे. दुसरी अशी की, पदवी घेऊन पाच वर्षे झालेल्या विद्यार्थ्यांस, मुख्यतः खेड्यांतून आलेल्यांस, लेखी विचारावे: कोणी शिकविले आणि काय शिकविले? तिसरी अशी की, निकाल पाहताना विद्यार्थी कोठे पोहोचला एवढेच न पाहता तो कोठून निघाला हेही पाहावे. नव्वद टक्क्यांचा मुलगा नव्वदवर ठेवणे सोपे आहे. पस्तिशीतील मुलीला साठीवर नेणे हे शिक्षकाचे काम. चौथी अशी की, तासिका तत्त्वावरील अध्यापकांस या गौरवातून वगळू नये. उलट उत्तम ठरलेल्या अशा अध्यापकास पुढील वर्षीच्या नेमणुकीत प्रथम हक्क द्यावा. आणि पाचवी अशी की, गौरवासाठी अध्यापकाकडून अर्ज मागवू नये. आपल्याकडे बहुतेक पुरस्कारांसाठी उमेदवारानेच स्वतःची फाईल तयार करावयाची असते. तिच्यात छायाचित्रे, कात्रणे, प्रमाणपत्रे. परिणामी पुरस्कार फाईल करणाऱ्यास मिळतो आणि शिकविणारा वर्गातच राहतो. महाविद्यालय विकास समित्या प्रत्येक ठिकाणी आहेत. नावे सुचविण्याचे काम त्यांनी विद्यार्थ्यांस विचारून करावे.

गौरव म्हणून द्यावयाचे काय? हार, शाल आणि श्रीफळ ही आपली रीत आहे, तिला आमचा विरोध नाही. परंतु चांगल्या शिक्षकाला सर्वांत मोलाची वस्तू लागते ती म्हणजे वेळ. जनगणना, निवडणूक, परीक्षेचे बंदोबस्त, अहवाल, मूल्यांकनाच्या फायली यांत त्याचे दिवस जातात. गौरविलेल्या अध्यापकास दोन वर्षे या कारकुनीतून मोकळे करावे. त्याला विद्यापीठाच्या खर्चाने ग्रंथ द्यावेत. आपल्या विषयाच्या तरुण अध्यापकांस आपल्या वर्गात बसवून घेण्याची मुभा व त्याचे मानधन द्यावे, म्हणजे त्याची कला त्याच्याबरोबर निवृत्त होणार नाही. आणि बढतीच्या तक्त्यात या गौरवाचे वजन शोधनिबंधांच्या बरोबरीचे असावे, असा आग्रह विद्यापीठाने आयोगाकडे धरावा. एवढे होत नसेल तर नुसत्या समारंभाने काही साधणार नाही. वर्षातून एकदा शिक्षकाला व्यासपीठावर बसवावयाचे आणि उरलेले दिवस त्याच्या शिकविण्याकडे पाठ फिरवावयाची, यास गौरव म्हणत नाहीत.

२०१८ साली या विद्यापीठास कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी त्यांच्या मुलाने व नातेवाईकाने कागदावर उतरवून ठेवली नसती आणि १९५२ साली ती प्रसिद्ध झाली नसती, तर महाराष्ट्राला त्यांची ओळखही झाली नसती. कागदावर न आलेल्या गोष्टीतही केवढे ज्ञान असू शकते, याची साक्ष ज्या विद्यापीठाच्या नावातच आहे, त्याने तरी आपल्या अध्यापकांचे मोल केवळ कागदांच्या गठ्ठ्यावरून ठरवू नये. परीक्षकांनी वर्गात जावे, मागल्या बाकावर बसावे आणि ऐकावे. पहूरहून बसने आलेली मुलगी तेथे रोज बसते. परीक्षकांस वर्षातून तीन दिवस बसणे जड जाऊ नये.